ग्रॅफीन आहे हे कशावरून? कार्बनच्या नॅनोपदार्थांचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

टेबलावर चार लहान बाटल्या ठेवा. एकीत काजळी, दुसरीत ग्रॅफाइटची पूड, तिसरीत कार्बन नॅनोट्यूब आणि चौथीत ग्रॅफीन, म्हणजे ग्रॅफाइटचा सुटा केलेला, एका अणूइतक्या जाडीचा थर. चिठ्ठ्या काढून टाका आणि कुणालाही ओळखायला सांगा. जमणार नाही, चारही काळ्याच. विकणाऱ्यांनाही ते दरवेळी जमतं असं नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० उत्पादकांकडची ‘ग्रॅफीन’ नावाची पूड तपासली गेली. दहापेक्षा कमी थर असलेल्या पापुद्र्यांना ग्रॅफीन म्हणायचं, इतकी सैल व्याख्या धरूनही बहुतेक नमुन्यांत ते १० टक्क्यांच्या आतच निघालं. बाकीचं होतं बारीक केलेलं ग्रॅफाइट.

या लेखात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येईल: मला दिसतोय तो संकेत दुसऱ्या कशाचा असू शकेल? कार्बन सगळीकडे असतो. हवेतल्या तेलकट वाफेत असतो, बोटांवर असतो, नमुना चिकटवायच्या काळ्या टेपमध्ये असतो आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ज्या जाळीवर नमुना ठेवतो त्या जाळीतही असतो. सोन्याचे नॅनोकण अभ्यासणाऱ्याला हा त्रास नाही. आपल्याला आहे, आणि तो गृहीत धरूनच कामाला लागायचं.

पदवीच्या पातळीवरचं पुंज भौतिकी आणि थोडं घनावस्था भौतिकी येतं असं मी धरून चालतो.

पायरी १: तीन अंक पाठ करा

०.१४२, ०.२४६, ०.३३५. तिन्ही नॅनोमीटरमध्ये. पहिला आकडा ग्रॅफीनमधल्या शेजारच्या दोन कार्बन अणूंमधलं अंतर. दुसरा या अणूंच्या षटकोनी जाळीचा स्थिरांक, म्हणजे नक्षी जितक्या अंतरावर पुन्हा येते ते अंतर. तिसरा ग्रॅफाइटमधल्या दोन थरांमधलं अंतर. पुढे सूक्ष्मदर्शक असो की क्ष-किरणं, प्रत्येक मापन या तिघांपैकी कुणाला तरी येऊन भेटतं.

पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यातला फरक बघा. कार्बनच्या चार संयुजा इलेक्ट्रॉनांपैकी तीन थराच्या प्रतलात शेजाऱ्यांशी सिग्मा बंध बांधतात. हे बंध इतके भक्कम की २००८ साली एका थराचं ग्रॅफीन टोचून पाहिलं तेव्हा त्याचा यंग गुणांक सुमारे १ टेरापास्कल भरला. चौथा इलेक्ट्रॉन प्रतलाच्या वर-खाली पसरलेल्या कक्षेत राहतो आणि कुणा एका अणूचा राहत नाही. विद्युतवहन, रंग, रामन वर्णपट (विखुरलेल्या लेसर प्रकाशातून दिसणारी अणूंची कंपनं), हे सगळे या चौथ्याचे उद्योग. थरांमध्ये मात्र फक्त व्हान डर वाल्स आकर्षण असतं, म्हणून थर एकमेकांवरून घसरतात आणि पेन्सिल लिहिते.

याच षटकोनी जाळीपासून बाकीचे प्रकार होतात. जाळीत पंचकोन घातले की ती वाकते. गोळा पूर्ण बंद करायला षटकोन कितीही चालतील, पण पंचकोन बरोबर १२ लागतात. ऑयलरच्या सूत्रातून हे पाच ओळींत निघतं, एकदा काढून बघाच. १९८५ साली क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांच्या गटाने लेसरने ग्रॅफाइटची वाफ केली तेव्हा वस्तुमान वर्णपटात ७२० ला उंच शिखर आलं. ६० गुणिले १२. सी-६० हा रेणू असा सापडला आणि १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

जाळीची पट्टी गुंडाळली की नॅनोट्यूब. १९९१ च्या सुमिओ इजिमांच्या शोधनिबंधापासून हे क्षेत्र पेटलं हे खरं. पण रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी १९५२ मध्येच कार्बनच्या पोकळ तंतूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं रशियन भाषेत छापली होती. ‘सर्वप्रथम’ हा शब्द लिहिताना हात थोडा आखडता घ्यावा.

पायरी २: ऊर्जापट्ट स्वतःच्या हाताने काढा

ही पायरी नवखे लोक हमखास टाळतात. संगणकावर तयार प्रणाली असतात, दोन मिनिटांत आलेख मिळतो. तरीही एक दुपार कागद-पेन्सिल घेऊन बसा. गणित अवघड नाही. १९४७ साली वॉलेस यांनी ग्रॅफाइटसाठी ते केलं, तेव्हा हाताशी काही नव्हतं.

एकक पेशीत दोन अणू घ्या. प्रत्येकाला दुसऱ्या जातीचे तीन शेजारी. इलेक्ट्रॉन फक्त शेजाऱ्याकडे उडी मारू शकतो असं धरा आणि त्या उडीची ऊर्जा सुमारे २.७ ते ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट घ्या. दोन गुणिले दोनची मॅट्रिक्स मिळते, तिच्यातून दोन पट्ट निघतात. ब्रिल्वाँ क्षेत्राच्या कोपऱ्यांवर, म्हणजे के बिंदूंवर, तीन शेजाऱ्यांकडून येणाऱ्या लहरी एकमेकींना पूर्ण खोडून काढतात आणि दोन्ही पट्ट तिथे टेकतात. टेकलेल्या जागी ऊर्जा आणि संवेग यांचं नातं सरळ रेषेचं असतं. सवयीचा अन्वस्त तिथे दिसत नाही. हाच डिरॅक शंकू. त्याचा उतार म्हणजे इलेक्ट्रॉनचा वेग: सेकंदाला सुमारे १० लाख मीटर, प्रकाशवेगाचा तीनशेवा भाग.

आता या कागदावर नॅनोट्यूब गुंडाळा. नळीला (एन, एम) अशी दोन आकड्यांची ओळख असते. कुठला षटकोन कुठल्या षटकोनावर आणून चिकटवला ते हे आकडे सांगतात. गुंडाळल्यावर घेराभोवती लहर नेमक्या पूर्ण संख्येने बसायला हवी. म्हणून ब्रिल्वाँ क्षेत्रातल्या ठरावीक समांतर रेषाच परवानगीच्या उरतात. एखादी रेषा के बिंदूवरून गेली तर नळी धातूसारखी वागते, नाही गेली तर अर्धवाहक होते. नियम एका ओळीचा: एन वजा एम ला तीनने भाग गेला तर धातू. म्हणजे सगळ्या जाती सारख्या प्रमाणात असतील तर एक तृतीयांश धातू, दोन तृतीयांश अर्धवाहक. पदार्थ तोच, फक्त गुंडाळी जराशी तिरकी पडली, आणि गुणधर्म पालटला! मला आजही याची गंमत वाटते. (बारीक अक्षरातली अट: वक्रतेमुळे या ‘धातूं’पैकी ज्यांचे एन आणि एम सारखे नाहीत त्यांच्या पट्टांत इवलीशी फट, म्हणजे बँड गॅप, पडते.)

व्यास काढायचा तर एनचा वर्ग, एम-एनचा गुणाकार आणि एमचा वर्ग यांची बेरीज करा, वर्गमूळ घ्या, ०.२४६ ने गुणा आणि पायने, म्हणजे ३.१४ ने, भागा. (१०, १०) साठी १.३६ नॅनोमीटर येतो. (६, ५) साठी सुमारे ०.७५. अर्धवाहक नळीचा बँड गॅप ढोबळमानाने ०.८ भागिले व्यास, उत्तर इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये. (६, ५) ला हे लावलं तर १.०७ येतं.

प्रयोगात मात्र ही नळी ९९० नॅनोमीटरच्या आसपास चमकते, म्हणजे १.२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. तुमचं गणित चुकलेलं नाही. आपण इलेक्ट्रॉन एकमेकांकडे लक्ष देत नाहीत असं धरलं होतं. इतक्या अरुंद नळीत ते शक्य नाही. त्यांच्या प्रतिकर्षणाने फट रुंदावते. मग प्रकाशाने उठवलेला इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेली पोकळी एकमेकांना धरून एक्सिटॉन बनवतात, त्याने ऊर्जा थोडी खाली येते, पण वाढ जितकी झाली तितकी उतरत नाही. वक्रतेचाही वाटा असतो. एक्सिटॉनची बंधनऊर्जा अशा नळ्यांत इलेक्ट्रॉनव्होल्टच्या काही दशांशांत असते, त्यामुळे ते खोलीच्या तापमानालाही टिकतात. साधं प्रतिमान कुठे मोडतं हे स्वतःच्या वहीत सापडलं की ते विसरत नाही.

दोन थरांचं काय? सरळ एकावर एक सरकवून ठेवलेल्या दोन थरांत शंकू जाऊन अन्वस्त येतो आणि लंब दिशेने विद्युतक्षेत्र लावलं तर फट उघडते. दोन थर १.१ अंशाने पिळले तर पट्ट जवळजवळ सपाट होतात. २०११ साली बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी हे भाकीत केलं, २०१८ साली पाब्लो हारिलो-एरेरो यांच्या गटाला १.७ केल्व्हिनला त्यात अतिसंवाहकता दिसली. हे क्षेत्र अफाट आहे. पहिल्या वर्षी त्यात शिरू नका.

पायरी ३: हातात धरता येईल असा पहिला नमुना

सुरुवात चिकटपट्टीने करा. गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी २००४ साली तीच वापरली आणि २०१० चं भौतिकीचं नोबेल मिळवलं. नैसर्गिक ग्रॅफाइटचा मोठा पापुद्रा घ्या, टेपवर दाबा, टेप दुमडून उघडा. दहा-पंधरा वेळा. टेपवरचा चकचकीत ठसा करडा, फिका झाला की ती सिलिकॉनच्या चकतीवर दाबा आणि सावकाश, तिरक्या कोनात सोडवा. घाई केली की फक्त डिंक उरतो.

चकती कुठलीही चालत नाही. तिच्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचा थर साधारण ९० किंवा ३०० नॅनोमीटरचा हवा. एका थराचं ग्रॅफीन त्यावर पडणाऱ्या दृश्य प्रकाशापैकी २.३ टक्के शोषतं, एवढ्यावर ते डोळ्याला दिसलं नसतं. ऑक्साइडच्या थरातली व्यतिकरणाची किमया त्याचा फरक वाढवते, आणि हिरव्या प्रकाशात तो सगळ्यात ठसठशीत दिसतो. या जाडीपासून बाजूला सरकलं की पापुद्रा पुसल्यासारखा नाहीसा होतो. चकती आधी ऑक्सिजन प्लाझ्माने स्वच्छ केली तर पापुद्रे मोठे चिकटतात.

मग सूक्ष्मदर्शकाखाली बसून शोधा. पहिल्या दिवशी काही सापडणार नाही. दोन-तीन दिवसांनी नजर बसते: जाड तुकडे पिवळे-निळे, पातळ जांभळट, आणि एखाद्या जांभळटाच्या कडेला जेमतेम जाणवणारी फिकी सावली. तीच. फरक पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो, एक थर, दोन थर, तीन थर. त्यामुळे एकाच पापुद्र्यावर पायऱ्या मिळाल्या तर थर मोजताही येतात.

नॅनोट्यूब घेतल्यात तर त्या जुड्यांनी येतात. पाण्यात साबणासारखं द्रव्य घालून ध्वनिलहरींनी सोडवायच्या आणि अपकेंद्री यंत्राने जुड्या खाली बसवायच्या. ध्वनी जास्त वेळ दिला तर नळ्या तुटून आखूड होतात. सी-६० सगळ्यात सोपं: टोल्युइनमध्ये विरघळवा, जांभळा रंग येतो. ग्रॅफीन ऑक्साइड मात्र स्वतः बनवायला जाऊ नका, निदान पहिल्यांदा तरी नाही. १९५८ च्या हमर्स पद्धतीत संहत सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट एकत्र येतात; तापमान हाताबाहेर गेलं तर स्फोट होतो. बनवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून दोनदा बघा.

आणि पूड कधीही उघड्यावर हाताळू नका. लांब, ताठ बहुभिंती (एकात एक नळ्या असलेल्या) नॅनोट्यूब फुप्फुसात ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारख्या वागू शकतात; त्यातल्या एका प्रकाराला कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं आहे. द्रावणात असताना धोका कमी, कोरडी पूड उडाली की जास्त. काम बंद कपाटात, ग्लोव्ह बॉक्समध्ये करायचं.

पायरी ४: रामन वर्णपट, इथे सर्वांत जास्त वेळ द्या

या क्षेत्रात एकच यंत्र शिकायची मुभा असती तर मी रामनच निवडलं असतं. नमुन्याला फारसं काही न करता, मिनिटाभरात, मायक्रॉनभर जागेतून तो इतकं सांगतो की बाकीची यंत्रं मागे पडतात. कारण ग्रॅफीन आणि ग्रॅफाइटमध्ये कुठल्याही रंगाचा लेसर इलेक्ट्रॉनांना नेमका जुळतो आणि अनुनादामुळे संकेत जोरदार मिळतो.

तीन शिखरं ओळखा. १५८० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचं जी शिखर: शेजारचे दोन अणू एकमेकांविरुद्ध हलतात त्याचं. १३५० जवळचं डी शिखर: हे दोष असल्याशिवाय दिसत नाही. आणि २७०० जवळचं टू-डी. या नावाचा द्विमितीशी संबंध नाही, डी च्या दुप्पट म्हणून टू-डी. निर्दोष ग्रॅफीनमध्येही हे असतंच. त्यात विरुद्ध दिशांना जाणारे दोन फोनॉन निघतात आणि संवेगाचा हिशोब आपोआप जुळतो, दोषाची मदत लागत नाही.

डी आणि टू-डी लेसरचा रंग बदलला की सरकतात. डी दर इलेक्ट्रॉनव्होल्टला सुमारे ५० प्रति सेंटिमीटर, टू-डी त्याच्या दुप्पट. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरवरून ६३३ च्या लाल लेसरवर गेलात तर फोटॉनची ऊर्जा ०.३७ ने उतरते, म्हणजे टू-डी ३७ च्या आसपास खाली यायला हवं. शिखर डी कुटुंबातलं आहे की दुसऱ्या कुठल्या घाणीचं, हे तपासायची याहून स्वस्त चाचणी मला माहीत नाही. म्हणूनच, कुणाच्या शोधनिबंधातल्या आकड्याशी तुमचा आकडा ताडण्याआधी त्यांचा लेसर कोणता होता ते बघा.

थर मोजायचे तर टू-डीच्या आकाराकडे बघा. एका थराला ते एकसंध, अरुंद, रुंदी साधारण २५ ते ३० प्रति सेंटिमीटर. नीट रचलेल्या दोन थरांना त्यात चार घटक असतात आणि ते फुगीर, बेढब दिसतं. ग्रॅफाइटला खांदा येतो. बहुतेक लोक आकार सोडून उंचीचं गुणोत्तर बघतात: टू-डी जी च्या दुप्पट, म्हणजे एक थर. यावर विसंबू नका. नमुन्यावर बाहेरून विद्युतभार आला असेल तर एकाच थरातही टू-डी खुजं होतं. उलट, थर वेडेवाकडे फिरून एकमेकांवर पडले असतील तर अनेक थरांतही एकसंध शिखर मिळतं, फक्त जरा रुंद.

दोषांचं मापही असंच फसवं. डी आणि जी यांच्या गुणोत्तराचा स्फटिककणांच्या आकाराशी व्यस्त संबंध ट्विन्स्ट्रा आणि कोनिग यांनी १९७० साली दाखवला, आणि तेव्हापासून लोक डोळे झाकून तो लावतात. दोष वाढतात तसं गुणोत्तर वाढतं हे खरं, पण दोषांमधलं अंतर काही नॅनोमीटरांवर आलं की ते उलट उतरू लागतं, कारण षटकोनच उरत नाहीत. म्हणजे गुणोत्तर १ आलं तर नमुना बऱ्यापैकी चांगला असू शकतो किंवा पार बिघडलेला. निवाडा शिखरांच्या रुंदीवरून करा. बिघडलेल्यात ती पसरट होऊन एकमेकांत मिसळतात.

ताण आणि विद्युतभार दोन्ही जी शिखराला सरकवतात. वेगळे कसे करायचे? अनेक जागांवर मोजून जी ची जागा आडव्या अक्षावर, टू-डीची उभ्या अक्षावर मांडा. ताणामुळे विखुरलेले बिंदू २.२ च्या आसपासच्या उतारावर पडतात, भारामुळे विखुरलेले ०.७ च्या. एका बिंदूवरून हे कळणं शक्य नाही. मुळात एका जागी घेतलेला वर्णपट हा वर्णपटच नव्हे, असं मी नव्या मुलांना सांगतो. निदान वीस जागा घ्या, नकाशा काढता आला तर उत्तम.

एकभिंती नळ्यांना आणखी एक शिखर असतं, १०० ते ३५० च्या पट्ट्यात. नळी श्वास घेतल्यासारखी फुगते-आकसते त्याचं. सिलिकॉन ऑक्साइडवरच्या नळ्यांसाठी २४८ ला शिखराच्या जागेने भागलं की व्यास नॅनोमीटरमध्ये. आता माझी फजिती ऐका. विद्यार्थी असताना मला ३०३ ला सुरेख शिखर मिळालं. भागाकार केला, ०.८२ नॅनोमीटर. दुसरी जागा, ०.८२. तिसरी, ०.८२. सगळ्या नळ्या एकाच व्यासाच्या! तीन आठवडे मी हवेत होतो. मग एका ज्येष्ठाने विचारलं, “जिथे नळी नाही तिथे काय दिसतं?” तिथेही तेच दिसत होतं. ३०३ हे सिलिकॉनचं स्वतःचं शिखर आहे. चकतीचा कोरा वर्णपट आधी घेण्याची सवय मला तेव्हा लागली.

सिलिकॉनचं मुख्य शिखर ५२०.५ ला येतं, रोज सकाळी त्यावर यंत्र जुळवा. खोलीतले नळीचे दिवे बंद करा. त्यांच्यातल्या पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची रेषा हिरव्या लेसरसोबत ४८४ च्या जवळ टोकदार शिखर देते. लेसरची शक्ती एका मिलिवॉटच्या खाली ठेवा. जास्त दिली तर जी शिखर तापून खाली सरकतं, आणि सी-६० तर लेसरखाली चक्क एकमेकांना जोडले जाऊन वेगळाच पदार्थ बनतो. शक्ती अर्धी करून पुन्हा मोजा. शिखर हललं तर आधीचं मापन टाकून द्या.

पायरी ५: सूक्ष्मदर्शक, कुठला कशासाठी

अणुबल सूक्ष्मदर्शकावर ग्रॅफीनचा एक थर ०.३३५ नॅनोमीटर भरेल अशी अपेक्षा असते. भरतो बहुधा ०.४ ते १, कधी त्याहून जास्त, कारण थराखाली पाण्याची वाफ अडकलेली असते आणि सुईचं ऑक्साइडशी आणि कार्बनशी वागणं वेगळं असतं. चकतीपासूनची उंची म्हणून सोडून द्या. पापुद्र्याच्या दुमडलेल्या कडेवर कार्बनवर कार्बन असतो, तिथली पायरी मोजा.

पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी व्होल्टेज ८० किलोव्होल्टच्या वर नेऊ नका. सुमारे ८६ किलोव्होल्टच्या पुढे इलेक्ट्रॉन थेट धडकून कार्बन अणू जाळीतून उडवू लागतात. मग जे दोष तुम्ही मोजता ते तुम्हीच केलेले असतात. नमुना ठेवायची जाळी निवडतानाही लक्ष असू द्या: नेहमीच्या जाळ्यांवर कार्बनचा पडदा असतो, तेव्हा तिथे कार्बन सापडल्याचा आनंद व्यर्थ. शिवाय शलाका एका जागी ठेवली की आजूबाजूची तेलकट वाफ तिथे येऊन साचते आणि थोड्या वेळात अस्फटिक कार्बनचा गोंडस लेप तयार होतो. थर ओळखायला चित्रापेक्षा विवर्तन भरवशाचं. एका थरात आतल्या कड्यातले सहा ठिपके बाहेरच्या सहांइतके किंवा अधिक तेजस्वी असतात, नीट रचलेल्या दोन थरांत बाहेरचे उजळतात.

क्रमवीक्षण बोगदा सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅफाइट बघितलंत तर षटकोनांऐवजी त्रिकोणी नक्षी दिसेल. घाबरू नका. खालच्या थरामुळे दोनपैकी एकाच जातीचे अणू ठळक दिसतात. स्वतंत्र एका थरात पूर्ण षटकोन दिसतात, आणि हा फरक स्वतःच एक पुरावा आहे.

साधा क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक पसारा बघायला चांगला. थर मोजायला त्याचा उपयोग नाही, मुखपृष्ठाला होतो.

पायरी ६: पूडभराचा हिशोब

आतापर्यंतची मापनं मायक्रॉनभर जागेची होती. बाटलीत काय आहे ते त्यावरून कळत नाही. सुंदर पापुद्रा निवडून त्याचं चित्र छापणं हा या क्षेत्राचा जुना रोग आहे.

क्ष-किरण विवर्तनात तांब्याच्या किरणांना ग्रॅफाइटचं शिखर २६.५ अंशांवर येतं. या कोनाचा अर्धा ब्रॅगच्या सूत्रात घातला की ०.३३५ परत मिळतो. ग्रॅफीन ऑक्साइडचं शिखर १० ते ११ अंशांजवळ, कारण ऑक्सिजन आणि पाणी थरांना दूर लोटतात. ‘ग्रॅफीन’च्या पुडीला २६.५ वर टोकदार शिखर असेल तर ती बहुतांशी ग्रॅफाइट आहे.

हवेत तापवत वजन मोजणारी यंत्रणा लोकांना कंटाळवाणी वाटते. मला ती प्रामाणिक वाटते. अस्फटिक कार्बन आधी जळतो, नळ्या नंतर, ग्रॅफाइट सर्वांत शेवटी. सगळं जळून तळाशी तांबूस राख उरली तर ती उत्प्रेरकातल्या लोखंडाची. राख ऑक्साइडची असते, म्हणून १० टक्के राख म्हणजे लोखंड ७ टक्के.

क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटात षटकोनी कार्बनचं शिखर २८४.५ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ येतं आणि त्याला उच्च ऊर्जेकडे शेपटी असते. ती शेपटी धातूसारख्या पदार्थाची खूण आहे. सममित शिखर बसवून उरलेल्या शेपटीला ऑक्सिजनचे गट म्हणून नावं दिली तर नसलेलं रसायन निर्माण होतं. आणि एक मोठा घोळ: या यंत्रावर अक्ष जुळवायला लोक पृष्ठभागावर साचलेल्या कार्बनचं २८४.८ हे शिखर वापरतात. नमुनाच कार्बनचा असेल तर हे स्वतःच्या सावलीने स्वतःची उंची मोजण्यासारखं झालं. शेजारी सोन्याचा तुकडा ठेवा आणि त्याच्या ८४.० वर जुळवा.

नळ्यांच्या द्रावणासाठी प्रकाशशोषण आणि प्रकाशदीप्ती यांची जोडी अप्रतिम आहे. उत्तेजनाची तरंगलांबी एका अक्षावर, उत्सर्जनाची दुसऱ्यावर, आणि नकाशात प्रत्येक (एन, एम) चा आपला ठिपका. (६, ५) चा ५७० आणि ९९० जवळ. जुड्या सुटलेल्या नसतील तर धातू नळ्या शेजारणींची दीप्ती गिळून टाकतात. म्हणजे नकाशा रिकामा आला याचा अर्थ नळ्या नाहीत असा होत नाही.

पायरी ७: विद्युत मापन

नेहमी चार टोकांनी मोजा. दोन टोकांत संपर्काचा रोध मिसळतो, आणि धातू नळीसारख्या एकमितीय वाहकाला तो टाळताच येत नाही: आदर्श नळीलाही दोन टोकांमध्ये सुमारे ६.४५ किलोओहम रोध असतो. याहून कमी आला तर नळी एकटी नाही.

ग्रॅफीनला गेट व्होल्टेज देऊन रोधाचा आलेख काढला की शंकूच्या टोकाशी उंचवटा येतो. शून्य व्होल्टला आला तर नमुना स्वच्छ. हवेत मोजलेला बहुधा धन बाजूला सरकलेला असतो. पाणी आणि ऑक्सिजन यांची ती करामत. जाताना आणि येताना आलेख वेगळा आला तरी कारण तेच. निर्वातात तापवून पुन्हा मोजा. एकाच थराचा निर्विवाद पुरावा हवा असेल तर चुंबकक्षेत्रात जा: क्वांटम हॉल परिणामातल्या पायऱ्या इथे अर्ध्याने सरकलेल्या असतात. २००५ साली दोन गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं, आणि डिरॅक शंकू खरोखरच आहे यावर शिक्कामोर्तब झालं.

पायरी ८: चमत्कार दिसला की अशुद्धी शोधा

२००१ साली दाबाखाली जोडलेल्या सी-६० मध्ये खोलीच्या तापमानाला चुंबकत्व सापडल्याचं ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. २००६ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. नमुन्यात लोखंड होतं. ‘धातुविरहित’ म्हणून गाजलेल्या कार्बन उत्प्रेरकांतही नंतर धातूंचे अंश सापडत गेले. कार्बनमध्ये काहीबाही मिसळलं की उत्प्रेरक म्हणून त्याची कामगिरी सुधारते हा प्रकार इतका बोकाळला की २०२० साली एका गटाने ग्रॅफीनमध्ये पक्ष्यांची विष्ठा मिसळून मोजमाप केलं. कामगिरी सुधारली! तो निबंध हसत हसत वाचा, पण वाचा. कार्बन डॉट्सच्या, म्हणजे काही नॅनोमीटरच्या कार्बनकणांच्या, चमकण्याचंही तसंच. सायट्रिक आम्लापासून केलेल्या द्रावणात पुष्कळदा साधे चमकणारे रेणू तयार झालेले असतात आणि श्रेय कणांना जातं. अर्धपार पडद्यातून द्रावण गाळून घ्या आणि आत राहिलेलं चमकतं की बाहेर गेलेलं, ते पाहा.

पहिल्या महिन्यासाठी काम देतो. नवा पदार्थ हाती घेऊ नका. उच्च प्रतीच्या ग्रॅफाइटचा एक तुकडा आणि कोरी चकती घ्या आणि वर सांगितलेल्यांपैकी जितक्या यंत्रांवर वेळ मिळेल तितक्यांवर दोन्ही मोजा. ०.३३५ क्ष-किरणांत, जी शिखर दोन लेसरांनी, त्रिकोणी नक्षी बोगदा सूक्ष्मदर्शकात, शेपटीवालं शिखर २८४.५ ला. कोऱ्या चकतीवर काय काय दिसलं ते वहीच्या डाव्या पानावर, ग्रॅफाइटचं उजव्या पानावर. मग पहिल्या ग्रॅफीनचा वर्णपट घ्यायला बसाल, तेव्हा वही शेजारी उघडी ठेवा, डावं पान वर करून.